करमत नाही म्हणजे काय हो?

'नैराश्य' हा शब्द मी शाळेत तीस वर्षं शिकवला. 'निराश'पासून 'नैराश्य', जसं 'उदासीन'पासून 'औदासीन्य' आणि 'विधवा'पासून 'वैधव्य'. पहिल्या स्वराची वृद्धी होते, बरोबर लिहिलं की एक मार्क. पण खरं सांगते मंडळी, शाळेतली ती तीस वर्षं आणि निवृत्तीनंतरची ही सोळा, एवढ्या काळात एकही बाई माझ्याजवळ येऊन "मला नैराश्य आलंय" असं म्हणालेली नाही. रडलेल्या मात्र पुष्कळ. स्टाफरूममध्ये, लग्नघरात भांडी मोजताना, एस.टी. स्टँडवरच्या बाकावर. त्या म्हणतात, करमत नाही. कशात जीव लागत नाही. अन्न गोड लागत नाही. छातीत धडधडतं, हातापायांची आग होते, डोक्याला मुंग्या येतात. उगीच भडभडून येतं. अलीकडे एक शब्द सगळ्याजणींनी उचललाय, तो म्हणजे 'टेन्शन'.

मागच्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिला आणि नैराश्य या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते तळमळीने बोलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत साधारण दीडपट आढळतो, गरोदर आणि बाळंतिणींत तर दर दहांत एकीपेक्षा जास्त, हे त्यांनी नीट समजावलं. भाषण मराठीतच होतं म्हणा. पण कसली मराठी! 'आत्मप्रतिमेचा ऱ्हास' काय, 'नकारात्मक विचारप्रक्रिया' काय. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, तरी मला दोनदा मनात अन्वय लावावा लागला. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "चला, आपल्याला हे काही नाही बाई. आपल्याला नुसतं करमत नाही."

या बाई वर्षभर भजनाला आलेल्या नाहीत. पहाटे तीनला उठून बसतात. ब्लाउज खांद्यावरून उतरतात इतक्या वाळल्यात. तासभर जी लक्षणं व्यासपीठावरून सांगितली जात होती ती सगळी त्यांच्याजवळ होती, पण ज्या शब्दांत सांगितली त्या शब्दांत नव्हती.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. बायकांच्या या आजाराबद्दल बोलताना आपण गरिबी, मारझोड, हार्मोन्स, सासर हे सगळं बोलतो, आणि ते खरंही आहे. भाषेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझं मत असं की बाई कुठल्या भाषेत वाढली, कुठल्या भाषेत येऊन पडली आणि तिला कुठल्या भाषेत विचारलं जातं, यावर तिचा आजार दिसणार की नाही हे पुष्कळदा ठरतं. आणि कधी कधी तो होणार की नाही हेसुद्धा.

डॉक्टर लोक ज्या प्रश्नावल्या वापरतात त्या बहुतेक इंग्रजीत जन्मल्या. १९७७ सालची एक अमेरिकन प्रश्नावली आहे, तिच्यात दुःखी असण्याला 'ब्लू' असणं म्हटलंय. आता निळा रंग आपल्याकडे कृष्णाचा! १९८३ सालच्या एका ब्रिटिश प्रश्नावलीत भीती वाटण्याची खूण म्हणून पोटात फुलपाखरं उडतात. आपल्या बायकांच्या पोटात फुलपाखरं उडत नाहीत, गोळा येतो. नाहीतर खड्डा पडतो. हसू नका, हा थट्टेचा विषय नाही. कोशात बघून भाषांतर करणाऱ्याने खरंच फुलपाखरं उडवली, तर समोरची बाई "नाही बाई, तसं काही होत नाही" म्हणणार आणि तिथे शून्य मार्क पडणार. सध्या जगभर चालते ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पी.एच.क्यू.-९. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, याला ० ते ३ गुण, एकूण २७. ती सोपी आहे, मराठीतही आहे. पण ती हातात देऊन "भरून आणा" म्हणणं वेगळं आणि समोर बसून बाईच्या बोलीत विचारणं वेगळं. पेपर तपासणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. प्रश्न कळला नाही म्हणून कोरं सोडलेलं आणि उत्तर येत नाही म्हणून कोरं सोडलेलं, दोन्ही कागदावर सारखंच दिसतं.

आपल्या शेजारीच, गोव्यात, याचा फार चांगला अभ्यास झालाय. डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ साली सुरू झालेली त्यांची 'संगाथ' ही संस्था. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी एडिंबरा इथे १९८७ साली तयार झालेली प्रश्नावली त्यांनी कोंकणीत आणली. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य सापडलं. जवळजवळ चौघींत एक! पैशाची ओढाताण, नवऱ्याचा हात उचलणं आणि 'मुलगी झाली' हे त्यामागे होतं. त्यांना कोंकणीत विचारलंच नसतं, तर "बाळंतीण जरा चिडचिडी झालीये" यापलीकडे गोष्ट गेली नसती.

त्यांच्या पुढच्या एका अभ्यासाने तर मला फारच विचारात पाडलं. 'अंगावरून पांढरं जातं' ही तक्रार घेऊन बायका डॉक्टरकडे जातात (पुरुष नातेवाइकांनी इथे लाजून पान बंद करू नये, वाचा). डॉक्टर जंतुसंसर्ग समजून गोळ्या देतात. गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली, ती २००५ साली छापून आली. या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त जवळचं निघालं. २००७ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात आजारी असलेल्या ३५ बायकांना नुसतं बोलू दिलं. त्यांनी सांगितलं काय, तर अंगदुखी, झोप नाही, बायकी दुखणी, आणि 'टेन्शन'. कारणं विचारली तर पैसा आणि संसार. हा मेंदूचा किंवा मनाचा आजार आहे असं क्वचितच कुणी म्हणालं. म्हणजे कंबर, पोट, अंगावरून जाणं हीच त्यांची भाषा. घरात "मला दुःख होतंय" म्हणायची सोय नाही, "कंबर दुखतेय" म्हणायची आहे. कंबर दुखली तर निदान दुपारी तासभर पडता येतं.

आता बायकांच्याच बाबतीत भाषा एवढी का आड येते, ते सांगते. पुरुष ज्या भाषेत जन्मतो त्याच भाषेत बहुधा म्हातारा होतो. नोकरीसाठी परगावी गेला तरी घरी बायको त्याच्याच भाषेत बोलते. बाई मात्र लग्न होऊन भाषा बदलते. २०११ च्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच आहे. मालवणी बोलणारी पुण्यात येते, वऱ्हाडातली कोल्हापूरला जाते, बेळगावकडची कन्नड घरात पडते. गाव बदललं, नाव बदललं, हे सगळ्यांना दिसतं. बोली गेली हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण "मराठीच तर आहे की!" असं आपण म्हणतो.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय, "नाव तेवढं नका टाकू ताई" म्हणाली. (नातेवाईक मंडळी ओळखतीलच, त्यांनी खाली नाव घेऊ नये.) ती अमळनेरजवळच्या खेड्यातली, घरात सगळी अहिराणी. १९८३ साली लग्न होऊन सांगलीला आली. अहिराणीत 'माझा' म्हणजे 'मना'. ती पहिल्या दिवशी "मना भाऊ" म्हणाली आणि माजघर हसलं. नंतर दीर, नणंदा, शेजारची पोरं सगळ्यांचा तो खेळ झाला. कुणी दुष्ट नव्हतं हो, आमच्याकडे चेष्टा म्हणजे माया असंच समजतात. दोन वर्षांत तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. तेव्हा सासूबाई कौतुकाने सांगत, "धाकटी फार शांत."

मग दुखणी सुरू झाली. पाठ, डोकं, पित्त, तळपायांची आग. एक्स-रे निघाले, ताकदीची इंजेक्शनं झाली, पित्ताच्या गोळ्या चार वर्षं चालल्या. अडतिसाव्या वर्षी एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढली. त्यानेही फरक पडला नाही. दर वेळी डॉक्टरसमोर दीर बसायचे आणि तेच सांगायचे, "हिला ॲसिडिटी आहे." दीर माणूस चांगला. पण तिचं दुखणं त्यांच्या भाषेत गेल्यावर तिथे ॲसिडिटीच उरायची.

पुढे एका सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, शिरपूरकडची. केसपेपरवर माहेरचं गाव बघून तिने सहज विचारलं, "काय व्हयनं माय?" मी सोबत होते. जाऊ आधी गप्प, मग हुंदका, मग जे बोलायला लागली ते पाऊण तास. मला निम्मंच कळलं. तिला वीस वर्षांत एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिथून तिला मनोविकार विभागात पाठवलं, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या.

श्रेय सगळं अहिराणीला देणार नाही. गोळ्यांनी झोप आणली, भूक आणली. वर्षभर घेतल्या, मधे एकदा मनानेच बंद केल्या तेव्हा पुन्हा घसरली, पुन्हा सुरू केल्या. पण 'काय व्हयनं' हे कुणी विचारलंच नसतं तर गोळ्यांपर्यंत ती पोचली नसती. आणि तिच्याबाबतीत आजाराची एक मुळी तरी त्या हसण्यात होती असं माझं ठाम मत आहे. माणसाला स्वतःच्या शब्दांची लाज वाटायला लागली की ते आतल्या आत मिटत जातं. वर्गात पाहिलंय ना मी. 'न' आणि 'ण' वरून ज्या पोरांना बाकीचे हसत, ती पोरं येत असलेल्या उत्तरालाही हात वर करत नसत.

खानदेशातल्याच बोलीत बहिणाबाईंनी मनावर कविता केली. लिहिता-वाचता न येणारी शेतकरी बाई, १९५१ साली गेली, १९५२ साली तिचं पुस्तक निघालं आणि अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. खानदेशातली बोली पुस्तकात गोड आणि सुनेच्या तोंडात गावंढळ, हे कसं काय?

परवा भाचीने झिंबाब्वेमधल्या एका प्रयोगाबद्दल वाचायला पाठवलं. कुठे हरारे आणि कुठे सांगली, पण वाचताना वाटलं की हे आपल्याच अंगणातलं आहे. तिथे शोना भाषेत एक शब्द आहे, 'कुफुन्गिसिसा'. अर्थ, फार विचार करणं. आपल्या बायका म्हणतात ना, "विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली", अगदी तेच. आपले विक्रम पटेल गोव्यात काम सुरू करण्याआधी हरारेत होते आणि तिथल्या लोकांच्या तोंडच्या शब्दांवरून शोना भाषेतली प्रश्नावली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केली. पुढे २००६ साली डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने १४ आज्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, बाकावर आजी, शेजारी येऊन बसणारी बाई. डॉक्टरांनी नाव ठेवलं होतं मानसिक आरोग्याचा बाक. आज्या म्हणाल्या, असल्या बाकावर कोण बसेल? मग तो मैत्रीचा बाक झाला. उपचाराच्या पायऱ्यांनाही शोना शब्द आहेत: मन उघडणं, उचलून धरणं, बळ देणं. हा नुसता हळवेपणा नाही. ५७३ लोकांवर, त्यात बहुतेक बायकाच, रीतसर चाचणी झाली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. आज्यांनी हे केलंय हो, आज्यांनी! आमच्या संघात साठ जणी रोज संध्याकाळी बाकावरच बसलेल्या असतात.

आपल्याकडे असा बाक पूर्वी होता, तो म्हणजे जातं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात माहेर आहे, सासुरवास आहे, मेलेलं मूल आहे, दारू पिणारा नवरा आहे. पहाटे दोघी समोरासमोर बसून दगडाला सांगत. (जात्याच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी एकदा चार शेर ज्वारी दळून बघावी. जातं गेलं ते फार बरं झालं.) पण पिठाची गिरणी आली आणि ती बोलायची जागाही गेली. तिच्या बदल्यात काही आलं नाही.

कुणी म्हणेल, मग 'डिप्रेशन' शब्द टाकूनच द्यायचा का? अजिबात नाही. आजाराला नाव मिळालं की बाई आळशी, नाटकी, माहेरच्यांनी बिघडवलेली ठरत नाही. विम्याच्या कागदावर तोच शब्द लागतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने इतर आजारांसारखाच याही आजाराला विमा द्यायला सांगितलंय. नाती तर इंग्रजी माध्यमातल्या. त्यांना हे सगळं इंग्रजीतच सुचतं आणि त्या पटकन बोलूनही टाकतात, हे मला आवडतं. त्यांची अडचण उलटी आहे. डॉक्टरशी बोलायला शब्द आहेत, आजीशी बोलायला नाहीत. नात म्हणते, "आजी, आय फील नम्ब." मी म्हणते, "हात बधिर झाला का गं?" मग दोघी हसतो. पण दुसऱ्या दिवशी मी तिला 'सुन्न' हा शब्द दिला. तिला तो आवडला.

निमहान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत (त्यात महाराष्ट्र नव्हता) जी पाहणी केली, तिच्यात नैराश्य असलेल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८५ उपचारापर्यंत पोचलेलीच नव्हती. पैसे नाहीत, डॉक्टर नाहीत, लाज वाटते, ही कारणं आहेतच. माझ्या मते त्यात हेही एक धरायला हवं की आपण जे म्हणतोय तो आजार आहे, हेच सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कळत नाही.

परदेशातल्या भाचे-पुतण्यांसाठी एक. आई नातवंड सांभाळायला तिकडे येते, सहा महिने कुणाशी मराठी बोलत नाही, नातवंड इंग्रजी बोलतं, तुम्ही दिवसभर कामावर. तिला झोप लागेनाशी झाली, ती 'मला इंडियात जायचंय' एवढंच म्हणायला लागली, तर "आई होमसिक आहे" म्हणून सोडू नका. डॉक्टरकडे नेलंत तर दुभाषी मागा. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना तो फुकट द्यावा लागतो. तुम्ही स्वतः दुभाषी होऊ नका. मुलासमोर आई खरं सांगत नाही, सुनेसमोर तर नाहीच.

आणि एका वाक्याबद्दल सगळ्यांनाच. "जीव नकोसा झालाय." आपल्या भाषेत हे बायका भाजी महागली तरी म्हणतात, त्यामुळे ते कानावरून जातं. जाऊ देऊ नका. थांबून सरळ विचारा, मरावंसं वाटतं का, तसं काही मनात आलंय का. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही, हे डॉक्टर मंडळी खात्रीने सांगतात. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडू नका. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या नंबरावर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

भजनाला न येणाऱ्या त्या बाईंकडे मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. त्या मूळच्या चंदगडकडच्या. त्यांच्याकडे 'करमत नाही'ला आणखी दोन-तीन शब्द आहेत, ते मी वहीत उतरवलेत. पुढच्या आठवड्यात त्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायला तयार झाल्यात, "टेन्शनचं दाखवायला."

भाची सिव्हिलमध्ये नर्स आहे, तिला ही यादी हवी आहे. अहिराणीचे शब्द जाऊ देतेय. मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली, आगरी, चित्पावनी यांपैकी ज्याच्या घरी जी असेल त्याने आईला, आत्याला, मोलकरीणबाईंना विचारून मला कळवा. कुठला शब्द कोण कधी वापरतं तेही लिहा, नुसता अर्थ नको.